तिसरी-चौथीच्या पोरांना गोल मारायला शिकवताना

खडकी, पुणे

प्रिय बाळ्या,

तुझा मेसेज वाचून मनापासून हसलो. जन्मभर हॉकीच्या गोलात उभा राहून बॉल अडवलास आणि आता तिसरी-चौथीच्या पोरांना गोल मारायला शिकव म्हणून शाळेने तुलाच धरलं! फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहितोय.

हिट, म्हणजे स्टिक मागे नेऊन हाणलेला टोला, इतक्यात शिकवूच नकोस. पोरं आपल्या हॉकी टीमच्या हरमनप्रीत सिंगचे व्हिडिओ बघून येतात. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये त्याने १० गोल केले, हे त्यांना पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ असतं. मग स्टिक खांद्यावर नेऊन अशी फिरवतात की शेजारच्याचे दात जायचे. पुशपासून, म्हणजे बॉल स्टिकने नुसता ढकलण्यापासून, धर. डावा हात दांड्याच्या टोकाला, उजवा खाली, डावा खांदा गोलाकडे. बॉल डाव्या पावलाच्या पुढे नाही, बाजूला, जरा लांब. स्टिक बॉलला आधीच टेकलेली हवी, मग अंगाचं वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर. 'ठक्' वाजलं तर तो टोला, पुश नव्हे, पुन्हा मारायचा. हे एकदा सांगितलंस की तू नुसता उभा राहा, पोरंच कान लावून एकमेकांना पकडतात.

डावखुऱ्या पोरांचे पालक वेगळी स्टिक मागतील. हॉकीत डावी स्टिक चालत नाही, पहिल्याच दिवशी सांगून टाक. आपल्या खडकीचा धनराज पिल्ले तुटक्या स्टिकांवर खेळून मोठा झाला, हे खरं. पण म्हणून मोठ्यांची स्टिक कापून पोरांना देऊ नकोस. उंची कमी होते, खालचं डोकं तेवढंच जड राहतं आणि मनगटं दुखतात. बॉलही टेनिसचा घे. खरा १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि दगडासारखा, नडगीवर बसला की पोर दुसऱ्या दिवशी येत नाही.

पूर्ण डी, म्हणजे गोलासमोरचा अर्धगोल, १४.६३ मीटरची, ती यांना झेपत नाही. फक्कीने पाच-सहा पावलांवर छोटी डी आखून घे. आतून मारला तरच गोल, हा नियम मात्र तसाच ठेव. आता तुझ्यासाठी खास: स्वतः गोलात उभा राहू नकोस! गोल ३.६६ मीटर रुंद असला तरी समोर माणूस दिसला की पोरं त्याच्याच पायांवर मारतात. गोल रिकामा ठेव, दोन्ही खांबांच्या आत हातभर अंतरावर एकेक कोन मांड आणि कोन-खांबाच्या मधून गेलेलाच गोल धर. उंच उडालेला बाद. मागच्या फळीवर धप्प वाजलं पाहिजे.

मारून झालं की पोरं बघत उभी राहतात, हे सगळ्यात हट्टी दुखणं. माझ्याकडे चौथीतली एक बारकी पोरगी आहे, तिच्या पुशला जोर असा नाहीच. पण दुसऱ्या कोणी मारला की ही स्टिक जमिनीला टेकवून खांबाजवळ हजर, आणि परत आलेला बॉल नुसता आत सरकवते. आमच्यात सगळ्यात जास्त गोल तिचेच. धिप्पाड पोरं चिडतात, चिडू देत.

छोट्या स्टिका कमी पडल्या तर कळव, माझ्याकडे काही पडून आहेत. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विज्या