वीस गुंठे विकू नका, बाबा

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "रस्त्याकडेचे वीस गुंठे काढून टाकू, रोखीने घे फ्लॅट, बँकेच्या मागे कशाला लागतोस." मागून आईने पाटल्यांचा विषय काढला. मला तेव्हा गळ्याशी आलं, नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय. वहिनींना वाचून दाखवायला सांगा आणि दादालाही बसवून घ्या, त्याच्याशीही एक काम आहे.

जमीन विकायची नाही. पाटल्या मोडायच्या नाहीत. बँकेने आज नाही म्हटलंय, पण वर्ष-दीड वर्षात हीच बँक हो म्हणेल असं करता येतं, आणि ते काम मी सुरू केलंय.

सिबिल काय असतं हे आता गावात सगळ्यांनाच माहीत आहे. कर्ज कसं फेडलं यावरून ठरणारा ३०० ते ९०० मधला आकडा. ७५०च्या पुढे असला की फाईल पटकन हलते. माझा साडेसहाशेच्या खाली आहे. त्याचं मूळ २०२०मध्ये आहे. मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबवायची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली होती. सप्टेंबरपासून हप्ते सुरू झाले, पण अंबडच्या कंपनीत पगार अर्धाच हातात पडत होता आणि त्यातच बाबांचं ऑपरेशन निघालं. दवाखान्याचं बिल क्रेडिट कार्डावर गेलं आणि कार्ड थकलं. पुढे बँकेने काही रक्कम सोडली आणि सेटलमेंट झालं.

आई, तू त्या दिवशी म्हणालीस, आमच्या दुखण्यापायी पोराचं घर अडलं. असं पुन्हा म्हणू नकोस. बाबा आज सकाळी उठून बागेत चक्कर मारतात, यापुढे मला कुठलाही आकडा मोठा नाही. पुन्हा तशी वेळ आली तरी मी तेच करीन.

आता रिपोर्टचं सांगतो. असे रिपोर्ट ठेवणाऱ्या देशात चार कंपन्या आहेत, आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. आपला आपण काढून पाहिला तर स्कोअर कमी होत नाही. माझ्या रिपोर्टमध्ये प्रत्येक कर्जाखाली महिन्यामहिन्याचे चौकोन आहेत, मागच्या तीन वर्षांचे. हप्ता वेळेवर गेला असेल तर चौकोनात '०००'. उशीर झाला तर जितके दिवस तितका आकडा. मोटारसायकलच्या कर्जाखाली '०००'ची सरळ ओळ आहे, ती बघून मला खरंच बरं वाटलं. कार्डापुढे मात्र 'सेटल्ड' लिहिलंय, म्हणजे पूर्ण पैसे आले नाहीत. तिथे 'क्लोज्ड' यायला हवं. त्यासाठी बँकेने सोडलेली रक्कम भरायची, नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही येणं बाकी नाही असा दाखला, घ्यायचा आणि बँकेकडून नोंद बदलून घ्यायची. मी शाखेत लेखी अर्ज दिलाय, ते पैसे घ्यायला तयार आहेत. बोनस आला की पहिलं तेच. त्यानंतरही रिपोर्टमध्ये जुनंच दिसत राहिलं तर तक्रार करता येते, आणि तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई आपल्याला मिळेल असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

गल्लोगल्ली 'सिबिल वाढवून मिळेल' अशा पाट्या लागल्यात. बाबांना शेजारच्या काकांनी अशाच एकाचा नंबर दिलाय ना? त्याला एक पैसाही देऊ नका. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही, आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. आधार-पॅनच्या झेरॉक्स तर मुळीच द्यायच्या नाहीत.

बाकी मी करतोय ते साधं आहे. छोटी एफडी ठेवून तिच्यावर कार्ड घेतलंय. त्यावर फक्त किराणा आणि वीजबिल, मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत, आणि बिल आलं की पूर्ण भरायचं. 'किमान रक्कम' भरून उरलेल्यावर व्याज चढू द्यायचं नाही. नवीन कर्जासाठी सध्या कुठेही अर्ज नाही. पाथर्डी फाट्याच्या साइटवरचा माणूस म्हणत होता, पाच बँकांत फाईल टाकू, एक तरी लागेल. मी हात जोडले. प्रत्येक बँकेने केलेली चौकशी रिपोर्टमध्ये उमटते, आणि थोड्या दिवसांत पाच उमटल्या तर सहाव्या बँकेला वाटतं की हा माणूस अडलेला आहे.

आता दादाचं. ट्रॅक्टरच्या कर्जाला मी जामीनदार आहे, त्यामुळे ते कर्ज माझ्याही रिपोर्टमध्ये दिसतं. सहामाही हप्त्याला उशीर झाला की दादाच्या नावावर जे दिवस चढतात तेच माझ्याही खाती येतात. दादा, मला तुझा अजिबात राग नाही. व्यापारी द्राक्ष उचलून नेतो आणि पैशाला दोन-दोन महिने फिरवतो, हे मी लहानपणापासून बघतोय. म्हणून एक सुचवतो. बँकेत जाऊन हप्त्याची तारीख हंगामानंतरची करून मिळते का ते विचार, मीही सोबत येतो. तोवर हप्त्याच्या आधी पैसे कमी पडतायत असं दिसलं तर मला सांग, मी भरीन, तुझे आले की दे. तुझं सिबिल सांभाळलं तर पुढच्या वर्षी तुला पीक कर्जालाही अडचण येणार नाही.

आणि बाबा, यापुढे कुणाला जामीन राहायचं असेल तर आधी मला एक फोन करा. तुम्हाला नाही म्हणवत नाही, मला माहीत आहे. माझं नाव पुढे करा, म्हणा धाकट्याला विचारतो.

तुम्ही म्हणाल, २०२७च्या सिंहस्थाआधी नाशकात भाव वाढतील, थांबून काय मिळणार? मी हिशोब मांडला. अठ्ठावीस लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी दहा टक्क्यांनी घेतलं तर हप्ता सत्तावीस हजारांवर जातो. साडेआठ टक्क्यांनी मिळालं तर सव्वाचोवीस हजारांच्या आसपास. वीस वर्षांत फरक साडेसहा लाखांचा. चांगल्या सिबिलला बँक व्याज कमी लावते, त्यामुळे थांबण्यात आपलं नुकसान नाही. तोवर माझ्याकडची रक्कमही वाढेल. तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त नव्वद टक्के देऊ शकते, पण स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन आपल्याच खिशातून जातं. फ्लॅट तुमच्या सुनेच्या एकटीच्या नावावर घ्यायचा विचार आहे. महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं की स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत मिळते. आईला हे आवडेल.

वीस गुंठ्यांबद्दल शेवटचं. तिथे बोअर आहे, आणि बागेला पाणी तिथूनच जातं. ते विकून माझा फ्लॅट झाला तर दादाची बाग कशावर उभी राहणार? मला माझं घर हवंय, पण त्याच्या घरातलं काही काढून नको.

पुढच्या रविवारी येतो. दादाने ट्रॅक्टरच्या कर्जाचं मंजुरीपत्र आणि हप्त्यांच्या पावत्या काढून ठेवाव्यात. बाबा, तुमचं पॅन कार्डही सापडवून ठेवा, तुमचाही रिपोर्ट काढू. ज्यांच्या ज्यांच्यासाठी तुम्ही सह्या केल्यात, त्यांची कर्जं कुठवर आली ते एकदा बघून घेऊ.

तुमचा धाकटा