लिबियाचे दोन तुकडे करायचे, पण सुरी फिरवायची कुठून?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला लिबियावरचा लेख वाचला. २०११ मध्ये हुकूमशहा गद्दाफी गेला आणि देश फुटला, आता पूर्व आणि पश्चिम असे दोन देश करून टाकले की कटकट मिटेल, असा लेखाचा एकंदर सूर आहे. सोबतच्या नकाशात तर बेंगाझी त्रिपोलीच्या पश्चिमेला छापली आहे. मी १९८० ते ८३ बेंगाझीत एका बांधकामावर सुपरवायझर होतो, त्यामुळे राहवले नाही.

ही फूट २०११ ची नव्हेच. बेंगाझी ते त्रिपोली रस्त्याने सुमारे हजार किलोमीटर. मुंबईहून निघून नागपूर गाठले तरी एवढा पल्ला होत नाही, आणि इथे मधला मोठा टप्पा म्हणजे सिर्तच्या आखाताकाठचे ओसाड रान. एका सुटीत मी शेअर टॅक्सीने गेलो होतो. उजवीकडे समुद्र, डावीकडे काहीच नाही. वाटेत चहाला थांबलो. छोट्या काचेच्या पेल्यात काळाकुट्ट गोड चहा, आणि तिसऱ्या फेरीला त्यात भाजलेले शेंगदाणे. ड्रायव्हर बेंगाझीचा. तो स्वतःच्या मुलखाला कायम 'बरका' म्हणायचा. लिबिया हा शब्द त्याच्या तोंडून मी फक्त पोलिसांच्या नाक्यावर ऐकला.

रास लानूफ या तेलाच्या बंदराजवळ त्याने बोट दाखवले, इथे कमान होती म्हणून. इटलीच्या राज्यात, १९३७ मध्ये किनाऱ्याचा रस्ता झाला तेव्हा ती बांधली होती. १९७३ मध्ये गद्दाफीने ती पाडली. कमानीची जागा एका जुन्या आख्यायिकेवरून ठरली होती. कार्थेज आणि सायरीन या दोन नगरांचा हद्दीचा तंटा होता. ठरले असे, की दोन्हीकडून माणसांनी एकाच वेळी निघायचे आणि गाठ पडेल ती हद्द. कार्थेजचे फिलेनी बंधू बरेच पुढे आले. तुम्ही आधीच निघालात, असा आरोप झाला, तेव्हा हद्द इथेच राहावी म्हणून दोघांनी त्या जागी स्वतःला जिवंत पुरून घेतले. खरे-खोटे कोण जाणे, पण पश्चिमेचा त्रिपोलितानिया आणि पूर्वेचा सायरेनेका (म्हणजेच बरका) या प्रांतांतली सीमा तिथेच मानली गेली.

२४ डिसेंबर १९५१ रोजी देश स्वतंत्र झाला तो या दोन आणि दक्षिणेचा फेझान अशा तीन प्रांतांचे संघराज्य म्हणून. राज्यघटनेत राजधान्याही दोन लिहिल्या होत्या, त्रिपोली आणि बेंगाझी. १९५९ मध्ये तेलाचा मोठा साठा सापडला आणि १९६३ मध्ये संघराज्य मोडून कारभार एकसंध केला. राजे इद्रिस बरक्याचे. त्यांना हटवणारा गद्दाफी सिर्तजवळचा, म्हणजे ऐन शिवणीवरचा.

मग तुकडे का पडत नाहीत? तेलाचे बहुतेक साठे सिर्तच्या खोऱ्यात. सिद्र, रास लानूफ, ब्रेगा, झुएतिना ही तेलाची बंदरे आखाताच्या पूर्व अंगाला, पूर्वेवर हुकमत असलेला सेनापती खलिफा हफ्तार याच्या फौजेच्या ताब्यात. पण त्या तेलाचा पैसा जमा होतो त्रिपोलीच्या मध्यवर्ती बँकेत. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या बँकेच्या गव्हर्नरला त्रिपोलीतून हटवताच पूर्वेने तेलविहिरी बंद केल्या, त्या ऑक्टोबरात उघडल्या. आणि खुद्द त्रिपोली पाणी पिते ते फेझानचे. गद्दाफीच्या काळात वाळवंटाखालचे हजारो वर्षांपूर्वीचे पाणी उपसून चार-चार मीटर व्यासाच्या काँक्रीट पाइपांतून किनाऱ्यावर आणले. त्यातली त्रिपोलीची लाइन हसावना डोंगराकडून येते. मे २०१९ मध्ये बंदूकधाऱ्यांनी तिथे घुसून पाणी तोडले आणि राजधानीचे नळ कोरडे पडले. तेल एकाकडे, पाणी दुसऱ्याकडे, तिजोरी तिसऱ्याकडे. लेखकमहाशय पूर्व-पश्चिम रेघ मारून मोकळे झाले. फेझान कोणाच्या वाट्याला, हे त्यांनी सांगितलेच नाही.

आज चालले आहे ते बरे आहे, असे मला म्हणायचे नाही. देर्ना शहराच्या वरची दोन्ही धरणे सप्टेंबर २०२३ च्या वादळात फुटली आणि हजारो माणसे गेली. दुरुस्तीचे पैसे मंजूर होऊनही काम झालेले नाही, हे २०२१ च्या लेखापरीक्षणातच नमूद होते. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, स्वातंत्र्यदिनीच, देशभर निवडणूक व्हायची होती. तीही झाली नाही.

तूर्त एक विनंती. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापून बेंगाझी तेवढी पूर्वेला, आखाताच्या पलीकडे न्यावी. आणि नकाशात सबहा हे फेझानचे मुख्य गाव दिसतच नाही. तेही टाकावे.

कळावे,
आपला,
एक जुना वाचक, मिरज