समुद्राचं पाणी आणि तुझा प्रश्न

प्रिय सुध्या,

परवा फोन कट झाला तेव्हा तू म्हणत होतास की समुद्र कार्बन डायऑक्साईड पितो ना, मग टेन्शन कसलं. फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितोय.

पितो हे खरंय. माणसं जेवढा सोडतात त्यातला साधारण पाव हिस्सा जगभरचे समुद्र मिळून घेतात. पण आपला अरबी समुद्र त्यातला नाही रे, वर्षाचा हिशेब मांडला तर हा घेतो त्याहून जास्त सोडतो.

पावसाळ्यात इथे गोव्याच्या किनाऱ्याला समांतर उत्तरेकडून दक्षिणेकडे वारा सुटतो, वरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि त्या जागी खालचं गार पाणी वर सरकतं. हे पाणी अंधारात पडून असतं, वरून गळलेलं प्लवंग (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) त्यात कुजत राहतं, म्हणजे ऑक्सिजन संपत आलेला आणि कार्बन डायऑक्साईड ठासून भरलेला, वर आलं की तो हवेत सुटतो. त्यात खतही भरपूर, त्यावर नवीन प्लवंग फोफावतं (आपण ताव मारतो ते तारले-बांगडे याच्याच जिवावर), ते थोडा वायू परत ओढून घेतं, पण मेलं की तळाशी जाऊन कुजतं आणि पुन्हा तेच. वर पावसाचं आणि मांडवी-झुआरीचं गोडं पाणी हलकं म्हणून पातळ थर धरून बसतं, त्यामुळे खालचं कोंडून राहतं.

सप्टेंबरमध्ये पाण्यातला कार्बन डायऑक्साईड मोजायला कांदोळीसमोर बोटीवर गेलो होतो, जेमतेम सत्तावीस मीटर खोल पाणी. तळाचं पाणी घेतलेली बाटली वर आली, त्यातलं पाणी नळीने छोट्या बाटलीत घ्यायचं, नळी तिच्या बुडापर्यंत घालून हळूहळू भरायची, एक बुडबुडा चालत नाही, मग मर्क्युरिक क्लोराईडचे थेंब टाकून झाकण, नाहीतर आतले जंतू श्वास घेत राहतात आणि आकडा बिघडतो. नळीतून पाणी सुटलं आणि कुजक्या अंड्याचा वास आला. तळाला ऑक्सिजन उरला नाही की जंतू सल्फेटवर जगायला लागतात, त्यातून हायड्रोजन सल्फाईड होतो, त्याचा तो वास. मासा तिथे कसा राहील सांग. खूप वाईट वाटलं रे.

पण डिसेंबरात त्याच जागी सगळं उलट असतं, वरचं पाणी किनाऱ्याशी खाली बसतं, तळापर्यंत ऑक्सिजन पोचतो, वास नाही काही नाही. एकाच जागेचे दोन आकडे इतके वेगळे की एकदाच मोजून काही कळत नाही, बाराही महिने जावं लागतं.

नाताळात येतोयस ना, बोटीवर चल, तळाचं पाणी तुझ्या हाताने भरून घे.

तुझा,
विन्या