हातशिलाईची गोधडी उलटी करून बघा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गुढीपाडव्याला मी कर्वेनगरमध्ये दहा बाय बाराच्या गाळ्यात गोधड्यांचं आणि सुती कापडाचं दुकान उघडलं. मलमल, केंब्रिक, मांजरपाट रविवार पेठेतून आणते. लोक घरची जुनी लुगडी घेऊन येतात आणि माझ्याकडच्या दोघी जणी त्यांच्या गोधड्या शिवून देतात.

गेल्या महिन्यात एका प्रदर्शनात भाग घेतला. शेजारच्या टेबलावर पाटी होती, ‘हातशिलाईची पारंपरिक गोधडी’, आणि किंमत माझ्या निम्मी. दिवसभर गिऱ्हाइकं विचारत होती, “तुमचीच एवढी महाग कशी हो ताई?” शेवटी मी ती गोधडी हातात घेऊन पाहिली. मशीनवर शिवलेली होती.

ओळखायला अवघड नाही. हाताच्या धावदोऱ्यात एक टाका, मग मोकळी जागा, परत टाका. वर जिथे दोरा दिसतो, तिथे मागे फट असते. मशीनला वरचा आणि बॉबिनचा असे दोन दोरे लागतात, म्हणून दोन्ही बाजूंना सलग रेघ उमटते.

मशीनशी माझं भांडण नाही. बाळाच्या रोज धुवायच्या दुपट्याला मशीनच बरं. पण त्याला हातशिलाई म्हणून विकू नये. एकेरी गोधडीला माझ्याकडच्या बाईला रोज चार-पाच तास बसून दहा-बारा दिवस लागतात. लुगडी धुवायची, विरलेला भाग कापून टाकायचा, थर पसरून कच्चे टाके घालायचे, मग कडेपासून शिवत आत आत यायचं. पाच थरांतून सुई ओढून संध्याकाळी तिचं बोट सुजलेलं असतं. गिऱ्हाईक निम्म्या भावावर अडून बसलं की कात्री लागते ती तिच्या मजुरीला. कापडवाला एक पैसा सोडत नाही.

हातमागाच्या कापडाला २००६ पासून सरकारचं हातमाग चिन्ह मिळतं. पण ती विणकामाची खात्री, शिलाईची नव्हे. म्हणून प्रदर्शन भरवणाऱ्यांना कळकळीची विनंती, की प्रत्येक गोधडीवर ‘हातशिलाई’ की ‘मशीनशिलाई’ ही चिठ्ठी सक्तीची करा आणि पहिल्याच सकाळी फिरून मागची बाजू तपासा. फरक दाखवायला कोणी हवं असेल, तर मी दोन्ही नमुने घेऊन येईन.

आपली,
एक दुकानदार, कर्वेनगर, पुणे