बीपी बघितलंस का, सोनू?

सोनू,

पोचलात म्हणून मेसेज मिळाला. नुसता "पोचलो" एवढाच. बारकीनं वाटेत त्रास दिला का, कराडला उतरून जरा पाय मोकळे केलेस का, टाके ओढले का, यातलं काहीच नाही. फोन करावा तर तुझा आत्ताच कुठं डोळा लागला असेल, आणि व्हॉइस मेसेज पाठवला की अर्धा ऐकून "हो आई" म्हणतीस, म्हणून आज बसून टाइप करालीय. पप्पा रंकाळ्यावर फिरायला गेल्यात, ते यायच्या आत संपवते.

आधी एक सांगते, रविवारचं डोक्यात ठेवू नकोस. सव्वा महिना तरी राहा असं मी म्हणत होते ते विहीणबाईंना कमी लेखायला म्हणून नव्हे. त्यांना बारसं तिकडं करायचंय, जावईबापूंची रजा संपली, सगळं कळतंय मला. पप्पा जे बोलले ते पप्पांचं बोलणं, तू काय आज ओळखत नाहीस त्यांना. गाडी कोपऱ्यावर वळली तशी आत जाऊन पाळणा उतरवायला लागले, म्हटलं राहू द्या की, दिवाळीला येणारच आहे, तर म्हणाले धूळ बसती. आणि मग तासभर दोरीची गाठच सुटेना त्यांना.

मला खरी काळजी तुझ्या बीपीची. आता तू म्हणणार, झालं हिचं सुरू. पण ऐक. शेवटच्या महिन्यात बीपी चढलं म्हणून तारखेच्या आधी सिझर करावं लागलं, आणि बाळ बाहेर आल्यावर सगळ्यांना वाटलं चला सुटलो. ह्या बीपीचं तसं नसतं. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत ते परत उसळी मारू शकतंय, आणि जिला नऊ महिन्यांत कधी नव्हतं तिला पण नंतर येऊ शकतंय. पहिला आठवडा जास्त जोखमीचा, तो आपला इथं माझ्या डोळ्यांपुढं गेला, अंबाबाईची कृपा. पण सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे, तू घरी चालायला फिरायला लागलीस म्हणून ते कमी होत नाहीत.

मशीन निळ्या बॅगेत आहे, लंगोटांच्या खाली नाही, बाहेरच्या चेनच्या कप्प्यात. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आधी लघवीला जाऊन यायचं, मग पाच मिनिटं गप बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय टाकायचा नाही, पट्टा गाऊनच्या बाहीवरून नको, उघड्या दंडाला बांधायचा, आणि हात टेबलावर छातीच्या उंचीला. त्या वेळी बोलायचं नाही. बारकी अंगावर पीत असताना तर अजिबात बघू नकोस, मग भलताच आकडा येतो आणि घर सगळं घाबरं होतंय. आकडा वहीत लिही, तारीख वेळ टाकून, मोबाइलमध्ये नको, तुझा मोबाइल कायम चार्जिंगला.

वरचा १४० किंवा खालचा ९०, यातला एक जरी गाठला आणि थोड्या वेळानं परत बघून तसाच आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. १६० किंवा ११० गाठला तर वाट बघत बसायचं नाही, सरळ दवाखाना, रात्रीचे दोन वाजलेले असू देत, गाडी नसली तर १०८ ला फोन करायचा. आणि मशीन काही का म्हणेना, डोकं गच्च दुखतंय आणि गोळीनं उतरत नाही, डोळ्यांपुढं काजवे चमकतात, धूसर दिसतंय, उजव्या बरगडीखाली दुखतंय, झोपल्यावर दम लागतोय, तोंड-हात एकदम सुजलेत, तर जायचं. गेल्यावर पहिलं वाक्य काय, "माझं बाळंतपण होऊन इतके दिवस झालेत आणि मला बीपी होतं." हे तू स्वतः सांगायचं. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला तुझ्याकडं बघून कसं कळणार तू बाळंतीण आहेस, बाळ तर घरी असतंय.

गगनबावड्याकडं उपकेंद्राला सिस्टर होते तेव्हाची ती बाई, तुला सांगितलीय मी, तरी परत सांगते. बाळंत होऊन आठवडा झालेला, टाका नाही काही नाही, सकाळपासून डोकं दुखतंय म्हणत होती. घरचे म्हणाले वारं लागलं, डोक्याचं फडकं अजून आवळून बांधलं, ओव्याची धुरी दिली. संध्याकाळी झटके आले. तिथं पण आधी म्हातारी म्हणाली बाहेरचं आहे, कुणाला तरी बोलवायला पोरगं पाठवलं, नशीब ते पोरगं वाटेत मला भेटलं. दोन्ही कुल्ल्यांत मॅगसल्फचा, म्हणजे झटक्यांवरच्या इंजेक्शनचा, पहिला डोस दिला आणि दुधाच्या गाडीत घालून निघालो, मांडुकलीला रस्त्यावर पाणी, ड्रायव्हर म्हणतोय सिस्टर परत फिरूया, मी म्हटलं तू फिर, आम्ही चालत जातो. कोल्हापूरला सीपीआर दवाखान्यात पोचेपर्यंत तिचं बाळ माझ्या मांडीवर. वाचली ती. सगळ्याच वाचल्या नाहीत, ते आता काढत बसत नाही.

जाऊ दे. घाबरवायला लिहीत नाही, आणि फक्त बीपीचंच लिहीणार पण नाही, बाकीचं पण आहे.

अंगावरून जाणं आता कमी होत आलं असेल, तांबूस मग पिवळसर असं होत चार ते सहा आठवड्यांत थांबतंय. एखाद दिवशी जास्त कामं केली की परत लाल दिसेल, ते शरीर सांगतंय की बस आता. पण तासाला एक पॅड भिजला, मोठ्या गाठी पडल्या, घाण वास आला किंवा ताप १००.४ च्या वर गेला तर ते साधं नाही. टाक्यांची जागा रोज आरशात बघ, लाल, गरम, ओली लागली तर दाखव. खोकताना शिंकताना पोटावर उशी दाबून धर. बारकीपेक्षा जड काही उचलायचं नाही, पाण्याची कळशी नाही, गादी नाही, आणि ती कपड्यांची बादली तर नाहीच नाही. नुसतं पडून पण राहू नकोस, घरातल्या घरात चाल. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली तर चोळायची नाही, डॉक्टरला दाखवायची.

लोहाची आणि कॅल्शियमची गोळी सहा महिने. दोन्ही एकदम घेऊ नकोस, मध्ये दोन तास जाऊ देत, आणि लोहाची चहाबरोबर तर नकोच. बीपीची गोळी आकडा चांगला आला म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही, तो गोळीमुळंच चांगला येतोय. पाजती आहेस ते बघूनच डॉक्टरांनी दिलीय ती, दुधाला काय होईल म्हणून चुकवू नकोस. बघ, परत बीपीवर आले.

पाजायचं तर आता तुझं तुलाच जमलंय. पहिले दोन दिवस तू रडत होतीस दूधच येत नाही म्हणून, आणि मी म्हणत होते तो चीक आहे, चमचाभरच असतो, तेवढाच पुरतो तिला. रात्रंदिवस मिळून आठ ते बारा वेळा पिईल, सहा-सात लंगोट भिजले म्हणजे पोट भरतंय, वरच्या दुधाची गरज नाही, वजन पण तिनं भरून काढलंय. दूध दाटून गाठ आली तर पाजायचं थांबवू नकोस, आधी कोमट फडक्यानं शेक आणि त्याच बाजूला आधी लाव. लाल होऊन थंडी ताप आला तर डॉक्टर, पण तेव्हा पण पाजायचं बंद नाही.

आता विहीणबाईंचं. त्या मायेनंच करणार, त्यांच्या हाताला चव आहे, मेथीची खीर त्या माझ्यापेक्षा चांगली करतात हे मी पप्पांना पण सांगितलंय. पण गुटी नको, पाणी नको, सहा महिने फक्त अंगावरचं. मधाचं बोट चाटवायचं म्हणतील, एक वर्षाच्या आत मध नाही, त्यातल्या जंतूनं बाळं लुळी पडतात. काजळ डोळ्यात नको, तीट लावायची तर तळपायाला लावा. नाका-कानात तेल नको. शेगडी खोलीत ठेवून दार-खिडक्या लावून शेक घ्यायचा नाही, आपल्या जुन्या घराला कौलं होती, धूर वर जायचा, तुमच्या फ्लॅटमध्ये कोळशाचा वायू कोंडला तर झोपेतच जातंय माणूस. हे सगळं तू बोलू नकोस, माझं नाव सांग, म्हणावं आई सिस्टर होती, तिला खूळ आहे. मी वाईट झाले तर चालतंय. आणि बारकीला झोपवायचं ते पाठीवर, शेजारी जाड गोधड्या उशा नकोत. बीसीजी, टीबीची लस, दिलीय तिथं, डाव्या दंडावर, महिना-दीड महिन्यानं फोड येईल, वाहील पण, हळदबिळद काही लावू नका, आपोआप जातंय. सहा आठवड्यांची लस चुकवायची नाही, त्याच दिवशी तुझी पण तपासणी करून घे, बीपी आणि लघवी दोन्ही. आणि पुढं कधीही कुठल्याही डॉक्टरकडं गेलीस, दहा वर्षांनी का असेना, तर बाळंतपणात बीपी होतं हे सांगायचं. असं ज्यांना होतंय त्यांना पुढं बीपी आणि हृदयाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असती, म्हणून वर्षातनं एकदा बघत राहायचं.

लेक्चर झालं बघ हे. सॉरी. तीस वर्षं बायकांना हेच सांगितलं, जिभेला वळण पडलंय.

पण सोनू, तुझ्याबाबतीत मला ह्या गोष्टी तुला माहीत नाहीत याची भीती नाही. तू सांगत नाहीस याची आहे. सहावीत रंकाळ्याच्या भिंतीवरनं पडलीस, हात मोडला, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत जर्किनच्या खिशात हात घालून बसली होतीस, उन्हाळ्यात जर्किन. दादानं चपाती तोडायला सांगितली तेव्हा कळलं. का नाही सांगितलंस विचारलं तर म्हणे पप्पा सायकल काढून घेतील. हॉस्टेलला कावीळ झाली ती पण मैत्रिणीच्या फोनवरून कळली. मागच्या महिन्यात तुझे पाय सुजले होते तेव्हा पण "चप्पल घट्ट आहे" म्हणालीस. आणि ऑपरेशनला आत नेताना, मला वाटलं आता घाबरली असेल, तर तू काय म्हणालीस, पप्पांनी सकाळपासून काही खाल्लं नाही, त्यांना चहा द्या. मला तिथं एवढा अभिमान वाटला आणि तेवढाच राग पण आला. अगं तुझं काय?

म्हणून रोज सकाळी नुसता आकडा पाठव. "ठीक आहे" नको. "ठीक आहे" मला चालत नाही, १२४/८० असं पाहिजे. जावईबापूंना मी वेगळा मेसेज केलाय, आकडे आणि लक्षणं त्यांना पण पाठवलीत, तू रागावशील, रागाव.

रडू येतंय का अजून? पहिले दोन आठवडे येतंच, कारण नसताना येतंय, मला तुझ्या वेळी परातीत पीठ बघून रडू यायचं. पण त्यानंतर पण जात नसेल, बारकी झोपली तरी तुझा डोळा लागत नसेल, तिच्याकडं बघून काहीच वाटत नसेल किंवा नको ते विचार येत असतील, तर तो तुझा दोष नाही आणि नाटक पण नाही, त्याला औषध आहे. मला फोन कर. मला सांगायला जमत नसेल तर १४४१६ ला कर, टेलिमानस, फुकट आहे, रात्री पण उचलतात, मराठीत बोलतात. एखादं दूध रात्री काढून ठेव आणि जावईबापूंना वाटी-चमच्यानं पाजू दे, तू सलग चार तास झोप. पाहुणे आले तर उठून चहा करायचा नाही, बाळ बघायला आलेल्यांनी हात धुवावेत आणि चहा आपला आपण करून घ्यावा.

अजून एक, लिहायला कसंतरी वाटतंय पण आईनं नाही तर कुणी सांगायचं. पाळी आली नाही म्हणजे दिवस जात नाहीत ह्यावर विसंबून राहू नका. सहा आठवड्यांच्या तपासणीला डॉक्टरांना विचारून घ्या काय वापरायचं ते, सिझर झालंय, दोन-तीन वर्षं तरी मध्ये गेली पाहिजेत.

पप्पांचा चपलांचा आवाज आला.

शनिवारी कोयनेनं ते येणार आहेत, डबा घेऊन. मी पुढच्या आठवड्यात बघते, गुडघ्याचं काय म्हणतात त्यावर. डब्यात वर डिंकाचे लाडू आहेत, खाली हळिवाचे. हळिवाचे आधी संपवा, ओला नारळ घातलाय, टिकत नाहीत. मटणाची अळणी करायची तर जावईबापूंना मला व्हिडिओ कॉल करायला सांग, मीठ जरा बेतानंच. आणि स्टेशनवर कोण घ्यायला येणार ते मला नको कळवू, पप्पांनाच फोन कर, अजून फुगलेत ते, सारखा मोबाइल उलटा करून बघतात.

आई