बोल्टनचं चर्चगेट

बोल्टन, इंग्लंड, रविवार दुपार

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना धड ऐकू येत नाही आणि आई, तू दर दोन मिनिटांनी "बिल वाढत असेल, ठेव आता" म्हणतेस. म्हणून पत्रच लिहायला बसलेय. मागच्या खेपेला बाबांनी विचारलं होतं, "तिथे मिल उरल्यात का गं?" आणि तू विचारलंस, जवळपास देऊळ-बिऊळ आहे का. दोघांनाही एकाच जागेचं सांगते.

इथेही एक चर्चगेट आहे! मुंबईच्या चर्चगेटला खरोखरच किल्ल्याचा दरवाजा होता. इथे जुन्या बोलीत 'गेट' म्हणजे रस्ता, आणि तो रस्ता थेट सेंट पीटर चर्चच्या दारात संपतो. रात्रपाळी सुटली की मी कधीकधी तिकडून चालत येते. चर्चचा मनोरा १८० फूट उंच आहे. पूर्वी त्याच्याभोवती गिरण्यांच्या धुराच्या चिमण्यांचं रानच होतं. १९२९ साली या एका गावात २१६ सूतगिरण्या होत्या, बाबा. आता एकही चालत नाही. काही इमारतींत गोदामं आहेत, काहींत घरं झालीत. तुम्हाला वेगळं काय सांगायचं!

चर्चच्या आवारात सॅम्युएल क्रॉम्प्टनची कबर आहे. १७७९ साली सूत काढायचं 'म्यूल' नावाचं यंत्र करणारा तो हा. आधीच्या दोन यंत्रांची मोट बांधून केलेलं, म्हणून नाव म्यूल, म्हणजे खेचर. यंत्राचा पुढचा भाग चाकांवर मागेपुढे सरकतो. बाहेर येताना सूत ताणतो, पिळतो, आत जाताना गुंडाळतो. आपल्याकडच्या मलमलीच्या तोडीचं बारीक सूत विलायतेत पहिल्यांदा निघालं ते याच्यावर, म्हणून लोक आधी त्याला 'मलमलचं चाक'च म्हणत. तुमच्या गिरणीच्या खात्यात रिंगा, म्हणजे सूत काढायची नंतरची यंत्रं होती, पण म्यूल चालवणारे म्हातारे तुम्ही पाहिले असतील.

क्रॉम्प्टनने पेटंट घेतलं नाही. कारखानदारांनी वर्गणी देतो म्हणून सांगितलं, त्याने यंत्र उघडं करून दाखवलं, आणि हाती आले जेमतेम ६० पौंड. पुढे १८११ मध्ये तो स्वतः गिरण्या हिंडून चात्या, म्हणजे सूत पिळणाऱ्या फिरत्या सळ्या, मोजत फिरला. ४० लाखांहून जास्त चात्या त्याच्या यंत्रावर फिरत होत्या. तो हिशेब घेऊन तो बक्षीस मागायला पार्लमेंटात गेला. सांगतात की पंतप्रधान पर्सिव्हल लॉबीत भेटले, "तुमच्यासाठी वीस हजार मागतोय" म्हणाले, आणि काही क्षणांतच त्यांच्यावर गोळी झाडली गेली. ११ मे १८१२. शेवटी मंजूर झाले ५ हजार. तेही धंद्यात बुडाले, आणि १८२७ मध्ये तो गरिबीतच गेला.

गावाने त्याचा पुतळा उभारला तो १८६२ साली. साल बघा, बाबा. अमेरिकेत यादवी चाललेली, कापसाची जहाजं बंद, इथल्या लँकेशायर परगण्यातल्या गिरण्यांना टाळं, कामगारांची उपासमार. तेव्हा आपल्या बाजूचा कापूस इकडे आला. खानदेश-वऱ्हाडचा असो की गुजरातचा, इथे सगळ्याला नाव एकच, 'सुरत'. धागा आखूड, सारखा तुटायचा. इथले लोक अजून किस्सा सांगतात : प्रार्थनेत कोणीतरी म्हणालं, "देवा, कापूस पाठव," तर मागून आवाज आला, "पण सुरत नको रे बाबा!" त्याच कापसावर तिकडे मुंबईत शेअरवाले गबर झाले आणि १८६५ ला आपटले. चाळीतल्या गप्पांत तुम्ही सांगायचात त्यातला अर्धा भाग हा होता, आणि दुसरा अर्धा मला इथे येऊन कळला.

आता चर्चची गोष्ट. त्या उपासमारीनंतर दोनच वर्षांत, १८६७ साली, याचं बांधकाम सुरू झालं. जुनं चर्च पाडताना खालून सॅक्सन काळातले, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीचे कोरीव दगड निघाले. म्हणजे गिरण्यांचा पत्ताही नव्हता तेव्हापासून ही जागा देवाची. नव्या चर्चचा सगळा खर्च पीटर ऑर्मरॉड नावाच्या सूतगिरणी-मालकाने उचलला. १८७१ मध्ये ते उघडलं. आत उंच कमानी, रंगीत काचा, थंडगार शांतता. आई, तुला आवडेल, फक्त चपला काढायला कोणी सांगत नाही याचं तुला वाईट वाटेल. पण मला राहून राहून एकच दिसतं. चात्यांच्या पैशाचं देऊळ आत, आणि त्या चात्यांचं यंत्र करणारा क्रॉम्प्टन बाहेर, पावसात. पाटीवर ऑर्मरॉडचं नाव वाचून मला उगाच राग आला. मग वाटलं, निदान एवढं तरी बांधलं. परळच्या मालकांनी काय बांधलं? मॉल.

अजून एक माणूस सांगायचा राहिला, फ्रेड डिब्ना. चिमण्या दुरुस्त करणारा याच गावचा कारागीर. या चर्चच्या मनोऱ्यावरचे वातकुक्कुट, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारे कोंबडे, दुरुस्त करायचं काम मिळालं आणि त्याचं नाव झालं. पण गिरण्या बंद पडल्यावर त्याच चिमण्या पाडायचं काम त्याच्याकडे आलं. बुंध्याच्या विटा काढायच्या, लाकडाचे टेकू लावायचे, टेकूंना आग लावायची आणि पळायचं. टीव्हीवर लोक हौसेने बघत. तो मात्र म्हणे त्या चिमण्यांवर जीव टाकायचा. २००४ मध्ये गेला तेव्हा त्याच्याच वाफेच्या इंजिनाने त्याला गावातून या चर्चमध्ये आणलं. त्या दिवशी तुम्ही इथे असतात तर रस्त्याच्या कडेला टोपी काढून उभे राहिला असतात.

आणि हो, इथल्या गिरण्यांतल्या बायका यंत्रांच्या गोंगाटात ओठ हलवून बोलायच्या, समोरची ओठ वाचायची. त्याला 'मी-मॉइंग' म्हणतात. वाचलं आणि बाबा, तुम्हीच डोळ्यांसमोर आलात. आम्ही बोलताना तुम्ही तोंडाकडे बघत बसता, त्यावरून आई चिडायची. यापुढे साधा फोन नको. व्हिडिओच लावा, तोंड दिसेल असा.

एक काम आहे. खात्यातल्या यंत्रांवर बिडाच्या पाट्या असायच्या, त्यांवर 'डॉबसन अँड बार्लो, बोल्टन' लिहिलेलं असायचं, असं तुम्ही सांगायचात. ती कंपनी याच गावची. संप फसल्यावर तुम्ही लाकडी बॉबिन घरी आणली होती, पत्र्याच्या पेटीत ठेवलेली. ती आहे का अजून? आई, तू चुलीत घातली नसशील तर जपून ठेव. मे महिन्यात येईन तेव्हा घेऊन जाते.

तुमची धाकटी