ओंडिनाचंही नाव घ्या

मा. संपादक,

दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीच्या एचएमआयएस बंगाल या छोट्या युद्धनौकेने केलेल्या लढाईबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात बऱ्याचदा "सोबत एक डच टँकर होता" एवढ्यावर विषय संपतो, आणि मला ते अजिबात पटत नाही. त्या टँकरचं नाव ओंडिना.

मुळात ओंडिनासारख्या व्यापारी जहाजावर तोफ ही गोष्टच डच सरकारला आधी मान्य नव्हती. पहिल्या महायुद्धात हॉलंड न्यूट्रल होतं, तोफ लावलेलं व्यापारी जहाज म्हणजे युद्धनौकाच असं धरून त्यांनी अशा जहाजांना आपल्या बंदरात येऊ दिलं नाही, त्यावरून इंग्रजांशी वाजलं तरी ते हटले नाहीत. पण मे १९४० मध्ये जर्मन सैन्य देशात घुसलं, सरकार लंडनला गेलं, आणि जगभर पसरलेली डच जहाजं दोस्तांसाठी चालायला लागली, खलाशांना ड्युटी सक्तीची झाली, मग तोफा बसल्याच. त्या बसवायच्या मागच्या टोकाला, म्हणजे पळता पळता पाठलाग करणाऱ्यावर मारता यावं, कारण हेतू फक्त बचावाचा.

११ नोव्हेंबर १९४२ ला हिंदी महासागरात ओंडिना आणि बंगाल या दोघींवर होकोकू मारू आणि आयकोकू मारू ही दोन मोठी जपानी रेडर (व्यापारी जहाजांवर हल्ले करणारी) जहाजं चालून आली. ओंडिनाकडे चार इंची एकच तोफ आणि गोळे फक्त ३२!! बंगालची तोफ तर त्याहून लहान. तरी होकोकू मारू बुडाली. गोळा नक्की कोणाचा लागला यावर आजही दोन्हीकडून दावे होतात, पण माझ्या मते तो वाद घालण्यात काही अर्थ नाही, दोघी एकत्र लढल्या हे महत्त्वाचं.

पुढचं वाचताना मात्र राग येतो. ओंडिनाचे गोळे संपले, कॅप्टन विलेम होर्समन ब्रिजवरच मारले गेले, माणसं लाइफबोटीत उतरली तर त्या बोटींवर जपान्यांनी मशीनगन चालवली, टँकरला टॉर्पेडोही मारले. पण टाक्या रिकाम्या होत्या म्हणून ती तरंगत राहिली आणि लाइफबोटीतले तिचेच लोक परत तिच्यावर चढले, आग विझवली आणि जहाज ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला घेऊन गेले. अधिकारी डच, खलाशी बरेचसे चिनी, तोफेवर ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच अशी मिसळ. यातले किती जण तर नेव्हीतले नव्हतेच हो, तेल वाहून नेणारी नोकरी करणारी माणसं होती.

आपल्या बंगालच्या खलाशांचा अभिमान मला कुणापेक्षा कमी नाही. पण यापुढे या लढाईवर काही छापाल तेव्हा ओंडिना, कॅप्टन होर्समन आणि त्या चिनी खलाशांबद्दल दोन ओळी तरी घाला, ही कळकळीची विनंती.

आपला नियमित वाचक